१९३३ची पेनी आणि मोलाचा प्रश्न

जुन्या ब्रिटिश नाण्यांच्या संग्राहकांत १९३३च्या पेनीचा दबदबा मोठा. धातू ब्राँझ, दर्शनी किंमत पौंडाचा २४०वा हिस्सा. त्या वर्षी पेन्या आधीच मुबलक असल्याने टांकसाळीने चलनासाठी त्या पाडल्याच नाहीत. संग्रहालयांसाठी आणि इमारतींच्या पायाभरणीसाठी तेवढ्या मोजक्या, सातेक, पाडल्या. १९७० साली लीड्समधील एका चर्चच्या पायातली पेनी चोरीस गेली. तेव्हा दुसऱ्या चर्चने आपली पेनी त्याच भयाने उकरून विकली. श्रद्धेने पुरलेले नाणे अखेर बाजाराने वर काढले!

याउलट, मुद्रा पुसट झालेली व्हिक्टोरिया राणीची पेनी आज किरकोळ पैशांत मिळते. १९७१च्या दशमान बदलापर्यंत अशी नाणी लोकांच्या खिशांत खुळखुळत होती. इतिहास तिच्या अंगावर उमटला आहे. संग्राहक मात्र त्यालाच झीज म्हणतो आणि तेवढे मोल वजा करतो.

दुर्मिळता हे मोल खरेच. पण ते एकमेव नव्हे. हाताळून जीर्ण झालेली पोथी निकृष्ट आणि कोणी न उघडलेली प्रत अमूल्य, असा निवाडा आपण साहित्याचे अभ्यासकही नकळत करत नाही ना, एवढेच आम्हांला विचारावेसे वाटते.