घरचा तंटा आणि गोताचा निवाडा

पेशवाईच्या अखेरपर्यंत महाराष्ट्रातील खेड्यात भाऊबंदांचा तंटा प्रथम जाई तो गोतसभेपुढे. गोत म्हणजे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि गावचे इतर वतनदार यांचा समुदाय. वाद परगण्यापर्यंत वाढला तर देशमुख-देशपांडे त्यात बसत, आणि सरकारी अंमलदारही हजर असले की त्या बैठकीला मजलस म्हणत. वाद नेहमी जमिनीचाच असे असे नाही. वतनाची तक्षीम, म्हणजे हिश्शांची वाटणी, होऊन गेल्यावरही वडीलपणा कोणत्या शाखेकडे, होळीची पोळी आधी कोणाची, पोळ्याला कोणाचे बैल पुढे चालायचे आणि मानाचा विडा पहिल्यांदा कोणाच्या हाती द्यायचा, यांवरून चुलत घराणी पिढ्यान्‌पिढ्या भांडत. हे मान आज क्षुल्लक वाटतील. पण घराण्याची पत गावात त्यांवरच ठरत असल्यामुळे त्यांचा निवाडा गावासमोर होणे दोन्ही पक्षांना आवश्यक वाटे.

काम चालू होण्यापूर्वी अग्रवादी, म्हणजे फिर्याद आणणारा, आणि पश्चिमवादी, म्हणजे तिला उत्तर देणारा, या दोघांकडून राजीनामा घेतला जाई. गोत सांगेल ते मान्य करू अशी ती लेखी कबुली असे आणि तिच्या जोडीला जामीन द्यावा लागे. मग दोघांच्या तकरिरी, म्हणजे आपापली बाजू मांडणारी निवेदने, लिहून घेत, जुने कागद तपासत आणि जाणत्या माणसांच्या साक्षी घेत. आपले गोत विरुद्ध पक्षाला सामील आहे असे ज्याला वाटे, त्याला थळ, म्हणजे निवाड्यासाठी दुसरे ठिकाण, मागता येई. पुरावा तोकडा पडला तर दिव्य करावे लागे. त्यांपैकी रवादिव्यात कढत तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा असे. अखेरीस महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, तयार होई आणि त्यावर हजर असलेल्यांची नावे व निशाण्या पडत. कुणबी पाटलाची निशाणी नांगराची. जिंकणारा हरकी, म्हणजे निकाल बाजूने लागल्याबद्दलची रक्कम, भरी, हरणारा गुन्हेगारी, म्हणजे दंड, भरी, आणि हरणाऱ्याकडून यजितखत, म्हणजे पराभवाची कबुली, लिहून घेतली जाई. या रीतीचे खरे बळ शिक्षेत नव्हते. आधी घेतलेल्या संमतीत आणि रोज तोंड दाखवायच्या माणसांच्या साक्षीत होते.

पेशवाई संपल्यावर इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात अशा निवाडे करणाऱ्या पंचायतीची दिरंगाई, तिच्या सभासदांना हजर ठेवण्याची अडचण आणि अंमलबजावणीतील दुबळेपणा स्पष्टपणे नोंदवला, आणि तरीही ती टिकावी असाच अभिप्राय दिला. परंतु १८२७ च्या मुंबई नियमावलीने दिवाणी न्यायालयांची घडी बसवल्यावर, हरणाऱ्याला वर दाद मागण्याची वाट खुली झाली आणि गोताच्या शब्दाला पूर्वीचे वजन उरले नाही.

पतिपत्नींच्या वादांत हे वजन आधीपासूनच एका बाजूला झुकलेले होते, आणि पंचायतीचा गौरव करताना हे विसरणे अन्यायाचे ठरेल. अनेक जातींत काडीमोड किंवा सोडचिठ्ठी आणि त्यानंतर पाट, म्हणजे पुनर्विवाह, यांना मान्यता होती. ती देणारी जातपंचायत मात्र पुरुषांची असे. काही वेळा ती नवऱ्याच्या संमतीवाचूनही स्त्रीला मोकळे करी. १८७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, विवाह रद्द ठरवण्याचा किंवा पुनर्विवाहाला परवानगी देण्याचा जातीचा हा अधिकार मानण्यास नकार दिला, आणि त्यामुळे काही स्त्रियांची सुटकेची एकमेव वाटही बंद झाली.

न्यायालय स्वतःही किती हतबल ठरू शकते, हे रखमाबाईंच्या खटल्याने दाखवले. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि पतीच्या घरी कधीच न नांदलेल्या रखमाबाईंवर दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये वैवाहिक हक्कांसाठी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलात तो निकाल फिरला, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगा, असा हुकूम दिला; रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी जाहीर केली. हा पेच अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांच्या तडजोडीने न्यायालयाबाहेर सुटला. या तडजोडीला न्याय म्हणणे कठीण आहे; पण रखमाबाईंना इंग्लंडला जाऊन डॉक्टर होता आले ते तिच्यामुळे.

पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीनुसार होणारा घटस्फोट कलम २९ मध्ये राखून ठेवला, तर १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने तडजोडीचा प्रयत्न करणे हे न्यायाधीशाचेच कर्तव्य ठरवले आणि वकील देण्याचा पक्षकाराचा हक्क मर्यादित केला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करून जातपंचायतीचे सर्वांत धारदार हत्यार गुन्हा ठरवले. आता कुटुंब न्यायालयात पतिपत्नी प्रथम विवाह समुपदेशकापुढे बसतात, आणि गोतसभेत जे चारचौघांदेखत बोलावे लागे, ते तिथे बंद दाराआड बोलले जाते व गोपनीय राहते.