तीन ते सहा : बालशिक्षणाच्या अभ्यासाची प्रस्तावना

नोव्हेंबर 1939 मध्ये इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी मुलगा मारिओसह चेन्नईतील अड्यारला उतरल्या, त्या थिऑसॉफिकल सोसायटीचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल आणि त्यांच्या पत्नी रुक्मिणीदेवी यांच्या निमंत्रणावरून. सोसायटीच्या आवारात भरलेल्या प्रशिक्षणवर्गाला देशभरातून तीनशेच्या आसपास शिक्षक आले. त्यांच्यासाठी झावळ्यांच्या झोपड्या उभारल्या गेल्या. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली, तेव्हा ब्रिटिश सरकारने मारिओंना स्थानबद्ध केले आणि बाईंनाही आवाराबाहेर जाण्याची बंदी झाली. पुढे ही बंधने उठली, पण काही महिन्यांचा मुक्काम 1946 पर्यंत लांबला. भारतातल्या त्यांच्या व्याख्यानांतून आकाराला आलेले ‘द अब्सॉर्बेंट माइंड’ 1949 मध्ये अड्यारहूनच प्रसिद्ध झाले.

याच परिसरात 1894 मध्ये सोसायटीचे एक संस्थापक कर्नल ऑल्कॉट यांनी दलित मुलांसाठी मोफत शाळा काढली होती. माँटेसरींचे पहिले बालगृहही 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या कामगारवस्तीत, आईबाप कामावर गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठी सुरू झाले होते. आज मात्र आपल्या शहरांत त्यांच्या नावाची पाटी दिसली की पालक आधी फीचा अंदाज बांधतात. गरिबाच्या मुलासाठी घडलेली पद्धत श्रीमंताच्या मुलाला मिळते आणि गरिबाच्या वाट्याला ‘तेवढे पुरे’ येते, असे का व्हावे? माझ्या मते बालशिक्षणाच्या अभ्यासाचा हा मध्यवर्ती प्रश्न आहे.

जगाच्या पातळीवर ही दरी किती रुंद आहे ते युनिसेफच्या 2019 च्या अहवालाने दाखवले. पूर्वप्राथमिक वयाची साडेसतरा कोटींहून अधिक मुले, म्हणजे जवळजवळ निम्मी, कोणत्याही वर्गात जात नव्हती. सर्वांत गरीब देशांत दहापैकी सुमारे आठ मुले बाहेर होती. याची कारणे आईबापांच्या अनास्थेत शोधू नयेत. गरीब देश शिक्षणाच्या अंदाजपत्रकातला जेमतेम 2 टक्के वाटा या वयासाठी ठेवतात. युनिसेफची शिफारस किमान 10 टक्क्यांची आहे. सरकारने हात आखडला की भार पालकांच्या खिशावर येतो आणि ज्याचा खिसा रिकामा त्याचे मूल घरी राहते. फ्रान्सने 2019 पासून तिसऱ्या वर्षीच शिक्षण सक्तीचे केले. आपल्याकडे 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क दिला, पण सहा वर्षांखालच्या मुलांची तरतूद मार्गदर्शक तत्त्वांतच राहिली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा सलग पायाभूत टप्पा मानला खरा. पण धोरणात आले म्हणजे हक्क झाला, असे नव्हे.

मराठी वाचकाला या विषयात परके वाटण्याचे कारण नाही. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक 1945 मध्ये ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या. वारली पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी. महागड्या लाकडी साधनांची जागा शिंपले, गोटे, बिया आणि पाने यांनी घेतली. लहानमोठे शिंपले क्रमाने मांडणारे मूल तेच शिकते, जे रोममधले मूल दट्ट्यांच्या ठोकळ्यातून शिकत होते: हाताने पारखणे, चूक आपली आपण ओळखणे, पुन्हा मांडणे. साधन स्वस्त झाले, अपेक्षा मात्र तसूभरही खाली आली नाही. 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर हे काम बहरले. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी अनुताईंनी शाळा कुरणात नेली.

2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 गटांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर पोचवली. हे यश मोठे आहे. पण पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, आरोग्यशिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण या सहा सेवांचा डोलारा एका सेविकेच्या खांद्यावर आहे. खिचडी वाटून, वजने नोंदवून, रजिस्टरे भरून उरलेल्या वेळात ती शिकवते. पटावर नाव असणे आणि शिकायला मिळणे यांतले अंतर इथे दिसते. म्हणून पटसंख्येचा प्रत्येक आकडा वाचताना मागचा माणूस शोधावा.

या क्षेत्रात अर्थशास्त्र्याला काम आहे, तसेच बालरोगतज्ज्ञाला, भाषाअभ्यासकाला आणि नगररचनाकारालाही. घरी वारली किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाचे पहिल्या दिवशी कोणत्या भाषेत स्वागत व्हावे? बांधकामावरच्या आईची पाळी आणि बालवाडीची वेळ यांचा मेळ कोणी घालायचा? सेविकेला शिक्षिकेचा दर्जा व वेतन का नसावे? ही उत्तरे ग्रंथालयात अर्धीच सापडतील. उरलेली अंगणवाडीच्या सतरंजीवर बसून, सेविकेला विचारून मिळतील.

नव्या अभ्यासकांनो, तुमचे मनःपूर्वक स्वागत. तुमच्याकडे एकच मागणे आहे. कोणतीही योजना तपासताना, हीच बालवाडी मी माझ्या मुलासाठी निवडली असती का, हे स्वतःला विचारा. उत्तर ‘नाही’ आले, तर त्या ‘नाही’ची कारणे नीट मांडा. आपले पुढचे संशोधन तिथूनच सुरू होईल.

अड्यार, चेन्नई