संकासुराची दाढी, मणीचा घोडा

शिमग्यात गुहागर-दापोलीकडे पालखी-खेळ्यांबरोबर संकासुर येतो. काळा पोशाख, डोक्यावर निमुळती उंच टोपी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. वेद पळवणारा हा दैत्य. विष्णूनं मत्स्यावतार घेऊन त्याला मारला. तरी पोरं त्याला भिऊन पळतात आणि पुन्हा त्याच्याच मागे धावतात, आणि मोठी माणसं त्याला नवसही बोलतात. तळकोकणातल्या दशावतारात तर तो मालवणीत बोलतो, म्हणजे समोर बसलेल्यांच्या घरातल्या भाषेत. ज्याला मारायचं आहे त्याला दरवर्षी आधी पोटभर बोलू द्यायचं, ही रीत मला फार मोलाची वाटते.

बळीराजाचंही असंच. वामनानं त्याला पाताळात घातलं ही कथा सांगायची, आणि दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना मात्र राज्य बळीचंच येवो म्हणायचं, हे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त हाच धागा हाती घेतला. बळी हा इथल्या रयतेचा राजा आणि त्याला दैत्य ठरवणारी कथा जिंकणाऱ्यांनी रचलेली, असं त्यांनी धोंडीबाबरोबरच्या संवादातून मांडलं. त्यांनी सांगितलेला इतिहास तपशिलात सगळ्यांना पटणार नाही. पण राक्षसाचं वर्णन करतंय कोण, हे आधी विचारा, ही त्यांची मागणी मला आजही बिनतोड वाटते.

छापील चित्रांच्या काळात हे विचारणं मागे पडलं. १९५२ पासून मराठी घरांत ‘चांदोबा’ येऊ लागला, १९६७ साली अनंत पै यांची ‘अमर चित्र कथा’ सुरू झाली. त्या चित्रकारांची रेषा अप्रतिम. ती गिरवतच मी शिकले. पण देव आणि राजे नितळ, असुर मात्र काळपट, केसाळ, बसक्या नाकाचे, हा साचाही अशा चित्रांतूनच पक्का झाला. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, आणि आजही मजकुराबरोबर चिठ्ठी येते : राक्षस काळा, ओठ जाड, केस पिंजारलेले. असं चित्र समोर घ्या आणि शिंगं, सुळे तेवढे बोटांनी झाका. उरतो तो उन्हात राबणारा माणूस.

आणि असुर नावाची खरीखुरी माणसं आहेत. झारखंडात नेतरहाटच्या पठारावर, गुमला आणि लातेहार जिल्ह्यांत ती राहतात. २०११च्या जनगणनेत झारखंडात त्यांची संख्या सुमारे २२ हजार होती. दगडातून लोखंड गाळणं हा त्यांचा पिढीजात धंदा. महिषासुराला ते पूर्वज मानतात, आणि आपल्याकडे नवरात्राचा जल्लोष चालू असतो तेव्हा त्यांच्यातले कित्येक जण शोक पाळतात. अशा घरातल्या मुलीच्या हातात आपलं पुस्तक पडलं तर, हा विचार मी बाजूला ठेवू शकत नाही. इंग्रज कादंबरीकार टोल्किननं आपल्या कथांत ऑर्क नावाचे राक्षस निर्माण केले, आणि एखादी अख्खी जमात जन्मतःच दुष्ट कशी असेल, हा पेच त्यालाही उतारवयापर्यंत सुटला नाही.

म्हणून मला खंडोबाची कथा जवळची वाटते. तिच्यात दैत्य दोन, मणी आणि मल्ल, सख्खे भाऊ. दोघांनी मिळून ऋषींना छळलं, दोघांनाही देवानं लोळवलं. मरताना मणीला पश्चात्ताप झाला. त्यानं आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि मागणं मागितलं : तुझ्या देवळात मला जागा असू दे, बकऱ्याचा नैवेद्य मिळू दे, माणसांचं भलं होऊ दे. मल्लानं मागितला जगाचा नाश आणि खायला माणसाचं मांस. मणीला पूजा मिळाली. मल्लाचं मुंडकं पायरीशी पडलं आणि येणाराजाणारा त्यावर पाय देऊन वर जाऊ लागला. चंपाषष्ठीची तळी भरणाऱ्या घरांतून ही गोष्ट चालत आली. तिनं दैत्यालाही स्वतःचं काय ते निवडू दिलं, आणि पाप केलेल्याला शिक्षाही चुकवू दिली नाही.

या कथेची चित्रं सध्या माझ्या टेबलावर आहेत. मल्ल मी क्रूरच काढला आहे, त्यात हात आखडता घेतलेला नाही. पण दोन्ही भावांचा रंग, नाक आणि केस एकसारखे ठेवलेत, आणि प्रकाशकांना तसं लेखी कळवलं आहे.