भिवंडीच्या मोहल्ला कमिट्या

भिवंडी म्हटले की यंत्रमागांची खडखड आठवते आणि पाठोपाठ दोन साले: १९७० आणि १९८४. पहिल्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. तरी चौदा वर्षांनी शहर पुन्हा पेटले.

१९८८ साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून येथे आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या उभारल्या. एकाच वस्तीतले हिंदू-मुसलमान पोलिसांसोबत एका सतरंजीवर बसू लागले. किरकोळ तंटे तिथेच मिटू लागले. ज्या खाकी वर्दीची आम्हांला दहशत वाटे, ती ओळखीची झाली. अफवा उठली तर विचारायला माणूस होता.

डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई जळत होती, पण शेजारची भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईनेही हाच मार्ग धरला.

मात्र जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले, जमावाच्या हातून दोन पोलीस मारले गेले. तेव्हा ती सतरंजी कुठे होती?

आम्ही उर्दू शाळेत इतिहास शिकवतो. मुलांना पानिपतच्या तिन्ही लढायांची साले पाठ असतात. डिसेंबर १९९२ ची भिवंडी मात्र त्यांना आम्ही सांगितलेलीच नाही. हा कसूर आमचाच.