‘उपप्रणाली’ : अर्थ आणि वापर

एखाद्या मोठ्या प्रणालीच्या अंतर्गत राहून स्वत:चे नेमून दिलेले काम पार पाडणारी लहान प्रणाली म्हणजे ‘उपप्रणाली’. संस्कृतात ‘प्रणाली’ म्हणजे पाणी वाहून नेणारा मार्ग. मराठीतील ‘पन्हळ’ हा शब्दही त्याच कुळातला. पुढे रीत, पद्धत आणि आधुनिक काळात ‘परस्परांशी जोडलेल्या घटकांची रचना’ असा या शब्दाचा अर्थविस्तार झाला. ‘उप’ या उपसर्गाने जवळ किंवा अधीन असणे सूचित होते. उपनदी, उपनगर, उपसमिती हे त्याच घडणीचे शब्द होत.

सुटा भाग आणि उपप्रणाली यांत फरक आहे. मोटारीतील ब्रेकचे पेडल हा केवळ एक भाग; पेडलपासून चाकापर्यंतची ब्रेकची संपूर्ण जुळणी ही उपप्रणाली. ही संज्ञा सापेक्षही आहे. रेल्वेच्या दृष्टीने सिग्नल ही उपप्रणाली असते, तर सिग्नल अभियंत्याच्या दृष्टीने तीच संपूर्ण प्रणाली ठरते.

‘उप’ म्हणजे दुय्यम, असा समज मात्र घातक ठरू शकतो. एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या ‘अपोलो १३’ यानातील प्राणवायूच्या एका टाकीचा स्फोट झाला. हाच प्राणवायू श्वसनासाठी आणि वीज निर्माण करणाऱ्या इंधनघटांसाठीही वापरला जात होता. पिण्याचे पाणीही त्याच घटांतून मिळत असे. त्यामुळे एका उपप्रणालीतील बिघाडाने वीज, पाणी आणि हवा हे तिन्ही पुरवठे धोक्यात आले. चंद्रावर उतरण्यासाठी असलेल्या स्वतंत्र यानाचा आसरा घेऊन तिन्ही अंतराळवीर १७ एप्रिल रोजी सुखरूप परतले. त्या यानाचा प्राणवायू आणि वीजपुरवठा वेगळा होता, म्हणूनच हे शक्य झाले.

मराठीत संदर्भानुसार शब्द बदलतो. शरीरशास्त्रात पचनसंस्था, चेतासंस्था असे शब्द रूढ असल्याने तेथे ‘उपसंस्था’ म्हणणे सुसंगत ठरते; प्रशासनात ‘उपयंत्रणा’, तर समाजशास्त्रात ‘उपव्यवस्था’ शोभते. तंत्रज्ञान आणि संगणकक्षेत्रात ‘उपप्रणाली’ हाच शब्द योग्य होय. हा शब्द स्त्रीलिंगी असून ‘उपप्रणाली’ व ‘उपप्रणाल्या’ अशी अनेकवचनाची दोन्ही रूपे लिहिली जातात. एका लेखात मात्र कोणतेही एकच रूप वापरावे.