गोल कोपऱ्याची किंमत

आज वेबपानावरच्या बटणाचे कोपरे गोल करायचे तर पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेची एक ओळ पुरते. २००६च्या सुमारास याच कामाला अर्धा दिवस जायचा. नॉर्वेच्या होकॉन व्हियुम ली यांनी १९९४मध्ये सुचवलेल्या सीएसएसचं पहिलं प्रमाणरूप १९९६च्या डिसेंबरात जाहीर झालं, त्यात गोल कोपऱ्याची सोयच नव्हती. डिझायनर फोटोशॉपमध्ये कोपऱ्यांची चार चित्रं कापून चौकटीच्या चार टोकांना बसवत. रंग बदलला की चारही पुन्हा कापायची.

२००६मध्येच जॉन रेसिग यांनी जेक्वेरी ही जावास्क्रिप्ट लायब्ररी आणली आणि तिच्यासाठी प्लगइनांची रीघ लागली. त्यातलं ‘जेक्वेरी कॉर्नर’ कारागिरी म्हणून बघण्यासारखं आहे. त्यात चित्र एकही नाही. चौकटीच्या वर-खाली ते एकेक पिक्सेल उंचीच्या रिकाम्या पट्ट्या रचायचं. पट्टीच्या टोकाला मागच्या पानाच्या रंगाची किनार असे आणि ती पट्टीगणिक अरुंद होत जाई. जवळून पाहिलं तर तो बारीक पायऱ्यांचा जिना. डोळ्याला मात्र गोलाई दिसे.

या पट्ट्यांत अक्षर नसे, तरी त्यांच्या शैलीत ‘अक्षराचा आकार एक पिक्सेल’ अशी सूचना असायची. इंटरनेट एक्सप्लोरर ६ रिकाम्या चौकटीलाही अक्षराच्या ओळीएवढी उंची देई, म्हणून ही खबरदारी. २००१मध्ये आलेल्या या ब्राउझरची पुढची आवृत्ती यायला पाच वर्षं लागली. घरोघरी, कचेऱ्यांत तोच होता. त्याला वगळून प्लगइन लिहिणं परवडणारं नव्हतं.

फायरफॉक्स आणि सफारीत गोल कोपरे आले ते प्रीफिक्स लावून. नियम पक्का होईपर्यंत नावाआधी अनुक्रमे ‘-मोझ-’ आणि ‘-वेबकिट-’ लिहायचं, असा संकेत होता. पण एकच कोपरा गोल करायचा तर एकाच्या नावात ‘टॉपलेफ्ट’ शेवटी आणि जोडून, दुसऱ्याच्या नावात ‘टॉप-लेफ्ट’ मध्येच आणि तोडून! एक आडवी रेघ चुकली की ब्राउझर अख्खी ओळ निमूटपणे सोडून देई.

जेक्वेरी कॉर्नरच्या पुढच्या आवृत्त्यांनी इथे मोठा शहाणपणा दाखवला. ब्राउझरचं नाव पाहून अंदाज बांधण्याऐवजी ते प्लगइन एक रिकामी चौकट तयार करी आणि तिला गोलाईचा गुण ठाऊक आहे का, हे तपासून बघे. असेल तर काम ब्राउझरवर सोपवायचं, नसेल तरच पट्ट्या रचायच्या.

२०११मध्ये एक्सप्लोरर ९ आणि फायरफॉक्स ४ प्रीफिक्सशिवाय कोपरे गोल करू लागले. पुढच्याच वर्षी फायरफॉक्सने गोलाईचं ‘-मोझ-’ नाव काढून टाकलं. मोबाइलसाठीच्या असंख्य साइट मात्र फक्त ‘-वेबकिट-’ धरून लिहिलेल्या होत्या आणि फायरफॉक्समध्ये मोडक्या दिसत. शेवटी २०१६मध्ये फायरफॉक्स ४९ने ती परकी नावंही स्वीकारली. तेव्हाच्या प्लगइनमधली ‘-वेबकिट-’ची ओळ आजच्या फायरफॉक्समध्ये चालते, त्याच्याच ‘-मोझ-’ची ओळ चालत नाही.