पाहुण्याच्या गुन्ह्याचा धनी कोण?



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक गोष्ट निघाली आणि हप्त्यांचा हिशेब बाजूलाच राहिला. बोरच्या जंगलाकडे पर्यटक येतात, सेवाग्रामला देशोदेशीचे लोक येतात. गटातल्या दोघींच्या मनात आलं, आपणही घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्यानं द्याव्यात. तेवढ्यात तिसरी बोलली. ती अशाच एका ठिकाणी स्वयंपाकाला आणि खोल्या झाडायला जाते. तिचं नाव आम्ही सांगणार नाही, त्या ठिकाणाचंही नाही. म्हणाली, "मी चादर बदलायले गेली, त हात धरला त्यानं. मालकाले सांगतलं, त म्हणे, पाहुणा उद्या जाते, आज त्या खोलीकडे जाऊ नको."

दोघी गप्प झाल्या. कारण उद्या त्याच मालकीण होणार होत्या.

पाहुण्यानं वाईट केलं तर घरधन्यानं उत्तर द्यायचं का? आम्हाला वाटलं हा नवा प्रश्न आहे. शोधायला लागलो तर तो फार जुना निघाला.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या कारभाराचा एक भाग आहे. घरात परका माणूस आला किंवा घरातून गेला, तर घरमालकानं अधिकाऱ्याला कळवावं, असा त्यात नियम आहे. कळवलं नाही आणि त्या रात्री चोरी वगैरे झाली, तर दोष घरमालकाचा. रात्र निर्धोक गेली तरी न कळवल्याबद्दल ३ पण दंड. पाहुण्याच्या करणीसाठी यजमानाला धरण्याची रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे. त्यात काळजी आहे ती नगराची आणि मालमत्तेची. अंथरूण घालणाऱ्या बाईचा विचार मात्र दिसत नाही.

आपल्या कोर्टांनी पुढे ज्या इंग्रजी कायद्यातून बरंच घेतलं, तिथेही तेच. १५८४ साली इंग्लंडमध्ये कॅली नावाच्या माणसाच्या खटल्यात न्यायाधीशांनी सांगितलं की सराईत उतरलेल्याचं सामान चोरीला गेलं तर सराईवाला भरून देईल. पण त्याला सराईत कोणी मारलं, तर सराईवाला जबाबदार नाही. गाठोड्याची जबाबदारी घेतली, गाठोडं वाहणाऱ्या माणसाची नाही.

आपल्या जिल्ह्याचा जन्म १८६२ चा. आधी कचेरी पुलगावजवळ कवठ्याला होती, १८६६ मध्ये ती पालकवाडीला आली आणि तिथे वर्धा शहर वसलं. त्याच सुमारास, १८६७ साली, इंग्रज सरकारनं सराईंचा कायदा केला. सराईवाल्यानं नाव नोंदवावं, विहिरी आणि नाल्या साफ ठेवाव्यात, भाड्याची यादी लावावी. ज्या झाडांवरून, फांद्यांवरून चोर आत-बाहेर करू शकतील ती तोडावीत. आणि मॅजिस्ट्रेटला गरज वाटेल तेवढे पहारेकरी ठेवावेत, माणसं, जनावरं आणि गाड्या यांच्या रक्षणासाठी. माणूस बैलगाडीच्या रांगेत का होईना, कायद्यात आला. नियम मोडला तर २० रुपयांपर्यंत दंड.

अमेरिकेत १९७४ साली एका नामवंत गायिकेवर मोटेलच्या खोलीत बलात्कार झाला. हल्लेखोर बाहेरचा होता, पण खोलीचं सरकतं दार बाहेरून सहज उघडत होतं. तिनं मोटेलवर दावा लावला आणि १९७६ मध्ये ज्यूरीनं तिला २५ लाख डॉलर भरपाई दिली. गुन्हा दुसऱ्याचा, पण कडी धड नसणं ही मालकाची चूक, असा तो निकाल.

आपल्याकडे मालकाला आपोआप तुरुंग होत नाही, हे आधी समजून घेऊ या. त्याला माहीत होतं का, त्यानं मदत केली का, डोळेझाक केली का, ते पाहिलं जातं. खोली देहविक्रीसाठी वापरली जाते हे माहीत असून चालू दिलं, तर १९५६ चा कायदा मालकालाही धरतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात तर हॉटेल आणि लॉज ही नावंच घातली आहेत. मुलाच्या लैंगिक शोषणाचं काही साहित्य तिथे आढळलं, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गप्प बसणं हाच गुन्हा. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं एका मोठ्या हॉटेलला सांगितलं की पाहुण्यानं तुमच्या माणसाच्या हाती दिलेली गाडी चोरीला गेली, तर 'जबाबदारी गाडीमालकाची' असं पावतीवर छापून सुटका होत नाही. आणि आपला जिल्हा दारूबंदीचा. पाहुण्यांना प्यायला जागा करून देणारा स्वतःही अडकतो, हे दारूसाठी रस्त्यावर उतरलेल्या बायांना सांगायला नको.

पण आमच्या मैत्रिणीच्या कामाची गोष्ट वेगळीच. १९९७ च्या विशाखा निकालात न्यायालयानं लिहिलं की बाहेरच्या माणसानं कामाच्या ठिकाणी छळ केला, तरी मालकानं तिला मदत करायची. २०१३ चा कायदा आणखी पुढे गेला. कामाच्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांपासून बाईला सुरक्षित ठेवणं हे मालकाचं कर्तव्य. राहतं घरही 'कामाची जागा' धरलं जातं. म्हणजे दोन खोल्यांची होमस्टे आणि तिथे झाडूपोछ्याला येणारी एक बाई, एवढं असलं तरी पुरे. तिची इच्छा असेल तर पाहुण्याविरुद्ध पोलीस कारवाई सुरू करून द्यायचंही मालकाचंच काम आहे. "आज तिकडे जाऊ नको" हे उत्तर या कायद्यात बसत नाही.

दहापेक्षा कमी कामगार असतील तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन वाढू शकतात. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहायला समितीनंच मदत करायची असते. हे वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माही मजुरी जाईन." खोटं नाही ते. कायद्याच्या पुस्तकात मजुरीची भीती कुठे लिहिलेली नसते. गटाच्या निधीतून तिला दोन महिन्यांचं बिनव्याजी कर्ज द्यायचं ठरलं, मग तिनं अर्जावर अंगठा नाही, सही केली. मुदतीचे अजून सदतीस दिवस आहेत. सोमवारी आम्ही चौघी तिच्यासोबत वर्ध्याला जातोय.

खोल्या काढायचा विचार त्या दोघींनी सोडलेला नाही. फक्त खर्चाच्या कागदावर पलंग आणि गाद्यांच्या वर आता तीन नव्या ओळी आल्या आहेत: आतून लागणारी कडी, पाहुण्यांचं नाव-पत्ता आणि ओळखपत्र लिहायची वही, आणि खोली झाडायला एकटी न जाता दोघींनी मिळून जायचं म्हणून दुसऱ्या बाईची मजुरी. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत पोलिसांना कळवायचं, तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.